हदोकेन नेमका अडतो कुठे?

सोनीच्या पीएसपी या हातात मावणाऱ्या कन्सोलवर स्ट्रीट फायटर हा मारामारीचा गेम लावावा, खाली-तिरपं-पुढे अशी अंगठ्याची फेरी मारून ठोशाचं बटण दाबावं, आणि लढवय्या र्‍यूने हदोकेन, म्हणजे आगीचा गोळा, सोडायच्या ऐवजी हवेत नुसता एक गुद्दा हाणावा. हा अनुभव इतका सर्रास येतो की बहुतेक जण दोष थेट मशीनच्या वयावर टाकतात. जुना कन्सोल, अशक्त प्रोसेसर, त्याला कुठे झेपणार असं म्हणून विषय संपतो.

आकडे मात्र वेगळं सांगतात. पीएसपी डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये विक्रीला आला आणि त्याचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत धावतो. ज्या बोर्डावर १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर २’ चालला, त्या कॅपकॉमच्या सीपीएस-१ वरचा मुख्य प्रोसेसर होता १० मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८०००. एका मशीनकडून दुसऱ्याची हुबेहूब नक्कल करून घ्यायची तर ताकद कित्येक पटींनी जास्त लागते हे खरं, पण इथे ती पुरते. शिवाय पीएसपीसाठी मुद्दाम बनवलेल्या आवृत्त्यांना नक्कल करावीही लागत नाही, आणि हदोकेन तिथेही अडतो.

तो अडतो हातात. आर्केडचा फायटिंग गेम एका ठरावीक स्टिकसाठी, ठरावीक बटणांसाठी आणि ठरावीक आकाराच्या पडद्यासाठी बनलेला असतो. खिशात मावणाऱ्या कन्सोलवर तिन्ही गोष्टी बदलतात. पडदा बदलला तर डोळे चार दिवसांत सरावतात. अंगठ्याचं तसं नाही. म्हणून कुठला गेम कुठल्या हँडहेल्डवर चांगला चालेल हे ओळखायचं असेल तर मी आधी बटणं मोजतो, प्रोसेसर नंतर बघतो.

एका फ्रेमचा हिशेब

हे गेम सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवतात. प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम, तिचं आयुष्य सुमारे १६.७ मिलिसेकंद. दर फ्रेमला गेम एकच प्रश्न विचारतो: या क्षणी स्टिक कुठे आहे आणि कुठलं बटण दाबलेलं आहे? उत्तर नोंदवायचं, दोन्ही खेळाडूंना त्याप्रमाणे हलवायचं, चित्र काढायचं आणि पुन्हा तोच प्रश्न. या खेळांमधलं सगळं वेळापत्रक याच मापात चालतं. झटपट मारलेला हलका ठोसा तीन-पाच फ्रेममध्ये लागतो. जोरदार लाथ निघायला त्याहून बराच वेळ घेते, आणि चुकली तर पाय परत जमिनीवर येईपर्यंत तुम्ही उघडे पडता. डोळ्याला काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे १५ फ्रेम. तीन फ्रेमच्या ठोशाला बघून उत्तर देणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे. तिथे अंदाज बांधावा लागतो, आणि फायटिंग गेमची खरी झिंग त्या अंदाजातच आहे.

‘कॉम्बो’ हा प्रकारही याच हिशेबातून जन्माला आला, आणि तो योजून आलेला नव्हता. ‘स्ट्रीट फायटर २’ तयार होत असताना निर्माते नोरिताका फुनामिझू गाडी फोडायची बोनस फेरी तपासत होते. वेळ नेमका साधला तर एका फटक्यात दुसरा जोडता येतो, हे त्यांच्या लक्षात आलं. एवढा नेमका वेळ खेळणाऱ्यांना साधणार नाही असं वाटून ते तसंच राहू दिलं गेलं. लोकांना ते साधलं, आणि पुढचे जवळजवळ सगळे फायटिंग गेम त्यावरच उभे राहिले.

आता हदोकेनकडे येऊ. गेम तुमच्या मागच्या काही फ्रेममधल्या दिशा लक्षात ठेवतो. ठोशाचं बटण दाबलं गेलं की तो मागे वळून बघतो: आधी ‘खाली’ होतं का, मग ‘खाली-पुढे’ होतं का, मग ‘पुढे’ होतं का, आणि हे सगळं ठरलेल्या अवधीत झालं का? तिन्ही सापडले तर आगीचा गोळा, एक जरी गळलं तर साधा गुद्दा. नंतरच्या काही गेम्सनी इथे बरीच सवलत दिली, पण नव्वदच्या सुरुवातीचे गेम कडक शिस्तीचे आहेत.

गळतं ते बहुतेक वेळा मधलं. कारण ‘खाली-पुढे’ नावाचा वेगळा स्विच मशीनमध्ये नसतोच. स्विच चारच: वर, खाली, डावा, उजवा. खालचा आणि उजवा एकाच फ्रेममध्ये दाबलेले असले की गेम त्याला तिरपी दिशा समजतो. आर्केडच्या स्टिकला खाली एक चौकट असते. दांडा त्या चौकटीच्या कडेने घासत जातो आणि कोपऱ्यात आपोआप दोन्ही स्विच लागतात. काम मनगटाचं असतं. डी-पॅडवर, म्हणजे दिशेच्या बटणांवर, तेच काम अंगठ्याच्या पेराने करायचं असतं आणि जागा असते जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. खालच्या बटणावरचा दाब सोडण्याआधी पुढच्या बटणावर दाब यायला हवा. तो एका फ्रेमने जरी उशिरा आला, तरी गेमच्या नोंदीत ‘खाली, काहीच नाही, पुढे’ एवढंच उमटतं.

पीएसपीचं डी-पॅड या बाबतीत कुप्रसिद्ध होतं. वरून बघितलं तर चार सुटी बटणं दिसतात, मधला भाग शरीराच्या प्लॅस्टिकने झाकलेला. अंगठा एका बटणावरून दुसऱ्यावर जाताना मध्येच त्या निष्क्रिय भागावर टेकतो. पहिल्या मॉडेलमध्ये बटणांची उंचीही कमी होती. तक्रारी पोचल्या असाव्यात, कारण २००७ च्या पीएसपी-२००० मध्ये ती थोडी वर उचलली गेली आणि तिरप्या दिशा बऱ्यापैकी लागू लागल्या. त्याखालचा गोल अ‍ॅनालॉग नब फायटिंगसाठी मी तरी वापरणार नाही. त्याचा प्रवास लांब आहे, दिशा कुठे सुरू होते ते बोटाला कळत नाही, आणि तो मुळात अंगठा वाकडा करायला लावणाऱ्या जागी बसवलाय.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे एसएनकेचा निओ जिओ पॉकेट कलर. १९९९ चा कन्सोल, पडदा फक्त १६० गुणिले १५२ ठिपक्यांचा, पण डाव्या हाताला मायक्रोस्विचवर चालणारी छोटी स्टिक. दिशा बदलली की ‘टिक’ असा आवाज येतो आणि बोटाला झटका जाणवतो. फायटिंग गेमच बनवणाऱ्या कंपनीने कन्सोल बनवला की काय होतं, ते त्या एका स्टिकमध्ये दिसतं. त्यावर शोर्युकेन ही उसळत्या ठोशाची चाल काढणं कितीतरी महागड्या यंत्रांपेक्षा सोपं जातं. धंदा मात्र चालला नाही. २००० साली अमेरिकेतून तो मागे घेतला गेला आणि २००१ मध्ये मूळ एसएनके दिवाळखोरीत गेली.

तुमच्याकडे पीएसपीच असेल आणि पॅड थकलेलं असेल, तर लढवय्या बदलून पाहावा. गाइलसारख्या ‘चार्ज’ पात्रांना फेरी मारावी लागत नाही. मागे धरून ठेवायचं, आणि मग पुढे-ठोसा. तिरपी दिशा इथेही लागते, पण ती धरून ठेवायची असते, पळत्या अंगठ्याने पकडायची नसते. रद्दी पॅडवर गाइल खेळणारा चांगल्या पॅडवरच्या र्‍यूला हैराण करू शकतो. स्टिक पूर्ण गोल फिरवायला लावणाऱ्या झँगीफच्या चक्राबद्दल मात्र न बोललेलं बरं.

सहा बटणं आणि चार

१९८७ च्या पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’ला एका आवृत्तीत हल्ल्यासाठी दोनच मोठे पॅड होते, एक ठोशाचा आणि एक लाथेचा. तुम्ही जितक्या जोरात पॅडवर आपटाल तितका जोरात फटका बसे. कल्पना भन्नाट, पण पॅड आणि हात दोन्ही दमायचे. त्यावर उपाय म्हणून जोराच्या तीन पायऱ्या वेगवेगळ्या बटणांवर टाकल्या: ठोशाची तीन, लाथेची तीन. ती सहा बटणांची मांडणी पुढे कॅपकॉमची ओळख झाली, आणि प्रत्येक हँडहेल्डची डोकेदुखीही.

पीएसपीवर उजव्या अंगठ्याखाली चार बटणं आहेत: चौकोन, त्रिकोण, फुली, गोल. उरलेली दोन खांद्यावर, एल आणि आर. बेरीज सहा होते, पण हिशेब जुळत नाही. आर खांदा उजव्या तर्जनीखाली असतो, तो ठीक. एल मात्र डाव्या तर्जनीखाली येतो आणि डावा अंगठा त्याच वेळी दिशेची फेरी मारत असतो. एकाच हाताने कन्सोल धरायचा, अंगठा फिरवायचा आणि फेरी संपताक्षणी तर्जनी दाबायची. त्या दाबाने कन्सोल किंचित कलतो, अंगठा सरकतो आणि तिरपी दिशा गळते. जोरदार ठोशाचा हदोकेन तेवढा निघत नाही आणि हलका निघतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपली बटणरचना बघावी. जोरदार ठोसा एल वर असू शकतो. सेटिंगमध्ये जाऊन जी फटकेबाजी तुम्ही फेरीबरोबर कधीच वापरत नाही, ती एल वर टाकायची. माझ्या मते बहुतेक पात्रांसाठी ती मधली लाथ असते.

२००६ चा ‘स्ट्रीट फायटर अल्फा ३ मॅक्स’ म्हणूनच मला अर्धवट समाधान देतो. पात्रं भरपूर आहेत. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या आवृत्तीत भर घातलेले यून, माकी आणि ईगल इथेही आहेत, वर इंग्रिड नवी. चित्र उत्तम, वेग उत्तम. पण बोटांना सतत तडजोड करावी लागते.

याउलट ‘टेक्कन’ची बटणं चारच, एकेक हातापायाला एकेक. डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. पीएसपीच्या चार बटणांवर ते जसंच्या तसं बसतं, कारण टेक्कन आधीपासूनच प्लेस्टेशनच्या पॅडवर वाढलेला होता. २००६ चा ‘टेक्कन: डार्क रिझरेक्शन’ या मशीनवरचा सगळ्यात निर्धास्त खेळता येणारा फायटिंग गेम आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यात पात्रांच्या चाली बहुतांशी एखादी दिशा अधिक बटण अशाच आहेत. फेऱ्या कमी, म्हणून पॅडचा दोषही कमी जाणवतो.

जुन्या द्विमितीय गेम्समध्ये हेच सुख एसएनकेकडे मिळतं. निओ जिओच्या आर्केड यंत्राला ए, बी, सी, डी अशी चारच बटणं. ‘द किंग ऑफ फायटर्स’मध्ये हलका ठोसा, हलकी लाथ, जोरदार ठोसा, जोरदार लाथ. चार बटणं चार जागी बसली आणि एल-आर दोन्ही मोकळे उरले. त्या मोकळ्या खांद्यांचा फार सुंदर उपयोग होतो. या मालिकेतल्या बहुतेक गेम्समध्ये ए आणि बी एकत्र दाबून लोळण घ्यायची असते, सी आणि डी एकत्र दाबून समोरच्याला उडवून लावायचं असतं. एका अंगठ्याने दोन बटणं एकाच फ्रेममध्ये दाबणं अवघड, म्हणून एल वर ए-बी आणि आर वर सी-डी लावून टाकायचं. एल चा मघाचा त्रास इथे होत नाही, कारण लोळण घेताना फेरी मारायची नसते. १९९४ ते १९९८ चे पाच गेम ‘ओरोची सागा’ या संग्रहात पीएसपीसाठी अधिकृतपणे निघाले होते. एखाद्याने नव्याने सुरुवात करायची तर मी तोच सुचवेन.

दोन बटणांच्या कन्सोलवर काय करायचं? गेम बॉयवर आणि निओ जिओ पॉकेटवर उत्तर एकच निघालं: हलकेच टोचलं तर हलका फटका, दाबून धरलं तर जोरदार. १९८७ चा पॅड जोर मोजायचा, हे वेळ मोजतं. पण त्यात एक अटळ गोची आहे. बटण दाबलं गेलं त्या फ्रेममध्ये गेमला माहीतच नसतं की तुम्ही ते लगेच सोडणार की धरून ठेवणार. ठरवण्यासाठी त्याला काही फ्रेम थांबावं लागतं. म्हणजे तीन फ्रेमचा ठोसा आपोआप थोडा मंद होतो. एसएनकेने आपल्या पॉकेटवरच्या गेम्सचा सगळा तोलच त्यानुसार नव्याने बसवला आणि पात्रंही बुटकी, मोठ्या डोक्याची काढली. १९९९ चा ‘एसएनके व्हर्सेस कॅपकॉम: मॅच ऑफ द मिलेनियम’ आजही खेळवतो, कारण त्याने मोठ्या गेमची नक्कल केलीच नाही.

ज्यांनी केली त्यांची अवस्था बघायची तर १९९५ चा गेम बॉयवरचा ‘स्ट्रीट फायटर २’ आहे. होंडा, धालसिम आणि वेगा ही तीन पात्रं गायब. त्याहून मूलभूत अडचण चिपची होती. गेम बॉय एका आडव्या रेषेवर जास्तीत जास्त १० स्प्राइट, म्हणजे हलत्या चित्राचे तुकडे, दाखवू शकतो, आणि एक स्प्राइट ८ ठिपके रुंद. म्हणजे १६० ठिपक्यांच्या पडद्यावर एका रेषेत हलत्या चित्रासाठी ८० ठिपके. दोन धिप्पाड लढवय्ये समोरासमोर उभे राहिले की तेवढ्यातच कोटा संपतो. त्यात तिसरा आगीचा गोळा आला तर काहीतरी दिसेनासं व्हायलाच हवं.

र्‍यू जाडा का दिसतो

पीएसपीचा पडदा ४८० गुणिले २७२ ठिपक्यांचा आणि लांबट. सीपीएस बोर्डाचं चित्र ३८४ गुणिले २२४. मोठ्या पडद्यावर छोटं चित्र अगदी आरामात बसतं: डावी-उजवीकडे ४८-४८ ठिपके, वर-खाली २४-२४ ठिपके काळी पट्टी. एका ठिपक्याला एक ठिपका, काहीही ताणलेलं नाही. बरेच जण हीच ‘खरी’ मांडणी समजून वापरतात, पण ती चुकीची आहे.

आर्केडच्या काचेच्या नळीचा पडदा चारास तीन या प्रमाणात होता, आणि ३८४ ठिपके त्या रुंदीत दाटीने बसवले जात. त्यामुळे तिथला प्रत्येक ठिपका चौकोनी नसून किंचित उभट होता. कॅपकॉमच्या चित्रकारांनी पात्रं त्या उभट ठिपक्यांसाठी काढली. पीएसपीचे ठिपके चौकोनी आहेत. एकास एक दाखवलं की सगळे सुमारे २९ टक्के रुंद होतात. पूर्ण पडदाभर ताणलं तर ३२ टक्के. दोन्हींत जवळपास तेवढाच जाडेपणा, फक्त पहिल्यात तो प्रामाणिकपणाच्या नावाखाली येतो. मूळ बांधा हवा असेल तर उंची पूर्ण २७२ आणि रुंदी ३६३ च्या आसपास ठेवावी लागते. मग चित्र थोडं धूसर होतं, कारण २२४ रेषा २७२ रेषांवर वाटायच्या म्हणजे काही रेषा दुप्पट होणार, काही नाही.

निओ जिओ इथेही बाजी मारतो. त्याचं चित्र ३२० गुणिले २२४, म्हणजे एकास एक दाखवलं तरी जाडेपणा फक्त ७ टक्के. ‘किंग ऑफ फायटर्स’चे क्यो आणि इओरी कुठलीही सेटिंग न बदलता ओळखीचे दिसतात.

गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या २४० गुणिले १६० च्या पडद्यावर ३८४ रुंदीचं चित्र मावतच नाही. तिथे पात्रं छोटी करून नव्याने बसवावी लागतात, आणि दोन लढवय्यांमधलं अंतरही त्याबरोबर बदलतं. मैदान आखडलं की आगीच्या गोळ्यांचा खेळ आखडतो. हा फरक चित्रात दिसत नाही, हातापायांना जाणवतो.

वेगाची एक बारकी गोष्ट. निओ जिओ सेकंदाला सुमारे ५९.२ चित्रं काढतो, सीपीएस सुमारे ५९.६, पीएसपीचा पडदा ५९.९४. एम्युलेटरला, म्हणजे नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरला, दोनच पर्याय: गेम टक्काभर वेगाने पळवायचा, किंवा अधूनमधून एक चित्र दोनदा दाखवायचं. बहुतेकांना दोन्ही कळत नाहीत.

३२ मेगाबाइटमध्ये ८५ कसे मावतात

मेमरीच्या बाबतीत मात्र मशीन खरंच तोकडं पडतं. निओ जिओच्या गेमच्या सुरुवातीला पडद्यावर ‘३३० मेगा’ असं मिरवत येई. ते मेगाबाइट नव्हेत, मेगाबिट, आठाने भागायचं. तरीही ‘द किंग ऑफ फायटर्स ९८’ ६८३ मेगाबिटचा होता, म्हणजे सुमारे ८५ मेगाबाइट. आर्केडच्या कार्ट्रिजमध्ये एवढ्या सगळ्या चिपा थेट चित्र काढणाऱ्या भागाला जोडलेल्या असत. हवं ते चित्र हवं त्या फ्रेममध्ये हजर. लोडिंग हा शब्दच नव्हता. पहिल्या पीएसपीत एकूण मेमरी ३२ मेगाबाइट, त्यातली २४ गेमच्या वाट्याला.

निओ जिओचे गेम कार्ट्रिजऐवजी डिस्कवरून चालवायचा प्रयत्न एसएनकेने १९९४ मध्ये स्वतःच केला होता. निओ जिओ सीडीमध्ये मेमरी सुमारे ७ मेगाबाइट आणि वाचन अतिशय संथ. प्रत्येक लढतीआधी इतका वेळ थांबावं लागे की ते यंत्र त्याच एका गोष्टीसाठी लक्षात राहिलं.

पीएसपीवरच्या आर्केड एम्युलेटरांनी वेगळी युक्ती काढली. टेबलावर सगळी पुस्तकं मावत नसतील तर लागतील तेवढीच टेबलावर ठेवायची, बाकीची हाताच्या अंतरावर कपाटात. गेमची सगळी चित्रं आधी संगणकावर एका खास ‘कॅश’ फाइलमध्ये सोयीने मांडून ठेवतात आणि ती मेमरी स्टिकवर टाकतात. खेळताना जी चित्रं लागतील तेवढीच तुकड्या-तुकड्याने मेमरीत येतात, जुनी बाहेर जातात. पात्र ठरलेलं आहे, पार्श्वभूमी ठरलेली आहे, त्यामुळे तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा लागतात आणि हे जमून जातं. पण एखाद्याने पहिल्यांदाच मोठी सुपर चाल काढली, की तिची चित्रं अजून कपाटातच असतात. त्या वेळी जो बारीकसा अडखळा येतो तो इथून येतो. वेगवान कार्ड वापरलं तर तो कमी होतो. पीएसपी-२००० पासून मेमरी दुप्पट, ६४ मेगाबाइट झाली, त्यामुळे मोठ्या गेम्ससाठी नंतरचं मॉडेल बरं.

या सगळ्यात कॅपकॉमच्या सीपीएस-२ बोर्डाची गोष्ट निराळीच. त्याचा प्रोग्राम सांकेतिक स्वरूपात असे आणि तो उलगडायची किल्ली एका बॅटरीवर जिवंत ठेवलेल्या मेमरीत असे. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाई आणि बोर्ड कायमचा मुका. चोरी रोखण्यासाठी केलेल्या या व्यवस्थेने प्रामाणिकपणे विकत घेतलेले बोर्डही मारले. ही सांकेतिक पद्धत पूर्ण उलगडली २००७ मध्ये, आणि ती उलगडणाऱ्यांपैकी एक होता मेम (MAME) या आर्केड एम्युलेटरचा जनक निकोला साल्मोरिया. आज हे गेम टिकून आहेत त्यात या कामाचा वाटा मोठा आहे. त्याचवेळी हेही खरं की गेमचे हक्क अजून कंपन्यांकडे आहेत आणि कुठूनही उतरवलेली रॉम फाइल, म्हणजे गेमची प्रत, कायदेशीर ठरत नाही. पीएसपीसाठी निघालेले अधिकृत संग्रह अजून जुन्या बाजारात मिळतात. ‘कॅपकॉम क्लासिक्स कलेक्शन रिलोडेड’मध्ये ‘स्ट्रीट फायटर २’ च्या पहिल्या तीन आवृत्त्या आहेत.

समोर माणूस हवा

एका बाबतीत हँडहेल्ड मोठ्या यंत्रांपेक्षा सरस आहे, आणि ती गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: लॅग. आजच्या टीव्हीला कन्सोल जोडला की बटणापासून चित्रापर्यंत बऱ्याच पायऱ्या येतात. बिनतारी कंट्रोलर, टीव्हीतलं चित्र सुधारणारं सर्किट, आकार बदलणं. प्रत्येक पायरी एखाद-दोन फ्रेम खाते. हँडहेल्डमध्ये बटण आणि पडदा एकाच बोर्डाला तारेने जोडलेले. पीएसपी-२००० टीव्हीला जोडता येतो खरा, पण गेमचं चित्र पडद्याच्या मध्यभागी छोट्या चौकटीत येतं आणि वर टीव्हीचा उशीर पदरी पडतो. नको ते.

दोन पीएसपी जवळजवळ ठेवून वाय-फायवर थेट जोडता येतात. तिथे दोन्ही यंत्रांना एकमेकांची बटणं कळेपर्यंत पुढची फ्रेम ठरवता येत नाही, म्हणून प्रत्येक चालीत थोडा उशीर मुद्दाम घातलेला असतो. एकाच खोलीत तो सोसवतो. आजचे गेम वापरतात ती ‘रोलबॅक’ पद्धत वेगळी आहे: समोरच्याची चाल अंदाजाने धरायची, खेळ पुढे न्यायचा, आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन दुरुस्त करायचं. जुन्या यंत्राला एका फ्रेमच्या वेळात अनेक फ्रेम पुन्हा मोजायची फुरसत नसते.

दुसरा पीएसपी नसेल तर कॉम्प्युटरशीच लढावं लागतं, आणि ‘स्ट्रीट फायटर २’ चा कॉम्प्युटर लबाड आहे. त्याचा गाइल मागे चार्ज न करता, पुढे चालता चालता सॉनिक बूम ही आपली फेकायची चाल सोडतो. तुमच्या गाइलला ते कधीच जमणार नाही. त्याच्याशी सराव करून लावलेल्या सवयी माणसासमोर उघड्या पडतात.

जुना पीएसपी घ्यायचाच असेल तर फायटिंगसाठी मी २००० वर बोट ठेवेन. १००० च्या, म्हणजे पहिल्या मॉडेलच्या, पडद्यावर वेगाने हलणाऱ्या गोष्टींमागे सावली रेंगाळते. ३००० मध्ये ती गेली, पण हलत्या चित्रात बारीक आडव्या रेषा दिसतात, आणि फायटिंगमध्ये सगळी हालचाल आडवीच असते. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. ती वापरायची नाही, बदलायचीच.

डी-पॅड तपासायला स्ट्रीट फायटरसारखा कुठलाही द्विमितीय फायटिंग गेम चालतो. पात्राला खाली बसवा आणि अंगठा न उचलता हळूहळू खाली-पुढे सरकवा. पात्र बसूनच राहिलं पाहिजे. मध्येच उठून चालायला लागलं तर खालचा संपर्क लवकर सुटतोय. मग तिथूनच अंगठा परत खाली आणि मग खाली-मागे न्या. पात्र तिथेही बसलेलंच राहायला हवं, कारण बसून बचाव करायची दिशा तीच. ही परीक्षा हळू केली की पॅडचा दोष दिसतो, झटकन केली की अंगठ्याचा. पॅडच्या दोन्ही बाजू सारख्या झिजलेल्या नसतात, म्हणून समोरच्याच्या डोक्यावरून उडी मारून दुसऱ्या बाजूला जा आणि तेच पुन्हा करून बघा.